विठाबाईची गोष्ट पुरती सांगू या

(छत्रपती संभाजीनगर येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून आपण कामावरच्या बाईच्या आरोग्याबद्दल बोलतो आहोत. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांबद्दल बोललो, वीटभट्टीवरच्या बायांबद्दल बोललो. मला संयोजकांनी ‘कलाक्षेत्रातील स्त्री’ असा विषय दिला आहे. तो ऐकायला जरा शोभिवंत वाटतो. पण मी तुम्हांला सकाळच्या विषयापासून फार लांब नेणार नाही. मी एका नटीबद्दल बोलणार आहे. ती तमाशाच्या फडात जन्मली, फडात वाढली, फडाची मालकीण झाली, आणि तरी शेवटी मजूर बाईच्याच वाटेनं गेली. तिचं नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

तिची एक गोष्ट तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. दिवस भरलेले असताना ती बोर्डावर नाचत होती. मध्येच कळा सुरू झाल्या. ती आत गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली, पोर बाजूला ठेवलं आणि पुन्हा चाळ वाजवत बोर्डावर आली. ही गोष्ट मी स्वतः कितीतरी ठिकाणी सांगितली आहे. आठ मार्चच्या कार्यक्रमात सांगितली, कॉलेजात सांगितली, बचत गटाच्या मेळाव्यात सांगितली. प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. मीही शेवटी, ‘बघा बायांनो, स्त्रीशक्ती कशी असते!’ असं म्हणून खाली बसायची.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौघीजणी माळेगावच्या जत्रेला गेलो होतो. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात खंडोबाची ही मोठी जत्रा भरते. जनावरांचा बाजार असतो, फड उतरलेले असतात. फडातल्या बायांच्या मुलांच्या शाळेचं काय होतं, याची माहिती आम्हांला घ्यायची होती. दुपारची वेळ होती. राहुटीत एक वयस्कर बाई पायाला तेल चोळत बसली होती. तिच्याशी ओळख काढावी म्हणून मी म्हटलं, ‘मावशी, मी विठाबाईंची गोष्ट सगळीकडं सांगत असते. लोक लई टाळ्या वाजवतात.’ तिनं तेलाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘टाळ्या कशापायी? त्या रातीला तिला कुणी अंथरूण टाकून दिलं का, कुणी पेजपाणी दिलं का, ते इचारा की कुणाला तरी.’

मला उत्तर सुचलं नाही. मग तीच म्हणाली, ‘आन् तुमी गोष्ट बी अर्धीच सांगता. खेळ लोकांनी बंद केला, ते सांगत न्हाई तुमी.’

तिचं खरं होतं. या गोष्टीला पुढचा अर्धा भाग आहे. विठाबाई परत आली तेव्हा प्रेक्षकांच्या लक्षात आलं की मघाशी होतं ते पोट आता दिसत नाही. चौकशी झाली. आत काय घडलं ते कळल्यावर त्याच लोकांनी खेळ थांबवायला लावला आणि तिला विश्रांती घ्यायला सांगितलं. तिकीट काढून बसलेल्या त्या गावच्या माणसांना एवढं समजलं, की बाळंतिणीनं आत्ता नाचायचं नसतं. आपण मात्र ती नाचली एवढंच सांगतो आणि तिथं गोष्ट संपवतो. तेव्हापासून मी हा पुढचा भाग सोडत नाही. आजचं सगळं बोलणं त्याच भागाबद्दल आहे.

आधी तिच्या घराबद्दल सांगते. विठाबाईचे आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. त्यांच्यामागं भाऊ आणि बापू या मुलांनी तो नावारूपाला आणला. ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ असं फडाचं नाव. त्यातल्या भाऊंची मुलगी विठा. १९३५ साली फड पंढरपुरात असताना तिचा जन्म झाला, म्हणून तिचं नाव विठा ठेवलं असं सांगतात. घरात दादला-बायको, भाऊ-बहिणी, चुलत्या-पुतण्या सगळे एकाच खेळात. पोरगी रांगायला लागते ती ढोलकी-हलगीच्या आवाजात. गण, गवळण, बतावणी आणि वग, असा खेळाचा सगळा क्रम तिला पाळण्यातच पाठ होतो. विठाबाईला गळा होता, पायात ताल होता आणि वगातलं काम करायची जाणही होती. लावणी म्हणणारी, नाचणारी आणि संवादही तोलानं टाकणारी अशी ती तिन्ही अंगांची नटी होती. तिला तमाशासम्राज्ञी म्हणू लागले ते उगीच नव्हे.

फडाच्या नावातला ‘मांग’ हा शब्द नीट ऐका. फडाच्या फलकावर जात लिहिलेली आहे. ज्या काळात गावच्या पाणवठ्यावर या माणसांना मज्जाव होता, त्याच काळात त्याच गावची पाटील-देशमुख मंडळी कनातीच्या आत पुढं बसून या घरच्या लेकीबाळींचा खेळ बघत होती. तमाशात आधी बायका नव्हत्या, नाच्या पोऱ्या असायचा. संगमनेरकडच्या हिवरगावची पवळा ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली बाई मानतात. पवळाही दलित आणि विठाबाईही दलित. म्हणजे ज्या बाईच्या देहाला गावानं शिवायचं नाही, तिच्या देहाकडं रात्रभर बघायला गावाची हरकत नव्हती. जातीचा आणि पुरुषसत्तेचा हा जोडव्यवहार आपण स्त्रियांच्या चळवळीत पुष्कळदा सुटा सुटा करून बघतो. तमाशातली बाई तो एकत्रच भोगते.

आता दुसऱ्या एका घराची आठवण करून देते. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. त्याआधीच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषानं केलं होतं, कारण बाई मिळाली नाही. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या होत्या, पोरीला घेऊन नाटक कंपनीत आलेल्या. आजच्या आपल्या भाषेत सांगायचं तर परित्यक्ता. समाजानं त्यांना काही कमी त्रास दिला नाही. कमलाबाई पुढं कमलाबाई गोखले झाल्या, ऐन तारुण्यात विधवा झाल्या आणि नाटक-सिनेमात कामं करून त्यांनी मुलं वाढवली. त्यांचा मुलगा चंद्रकांत गोखले, नातू विक्रम गोखले. या कुटुंबाबद्दल लिहिताना वर्तमानपत्रं ‘अभिनयाचा वारसा’ असं लिहितात, ‘घराणं’ म्हणतात. ते योग्यच आहे. दुर्गाबाई आणि कमलाबाईंनी तो मान कष्टानं मिळवला आहे.

पण विठाबाईचंही तसंच घर आहे. आजोबा, वडील-चुलते, स्वतः विठाबाई, तिची मुलगी मंगला बनसोडे, नातू नितीनकुमार. पिढ्यान् पिढ्या बोर्डावर. त्याला मात्र आपण ‘घराणं’ म्हणत नाही. ‘त्यांचा तो जातीचाच धंदा’ असं म्हणून मोकळे होतो. एकीकडं वारसा आणि दुसरीकडं धंदा! दोन्हीकडं आईनं मुलीला शिकवलं, दोन्हीकडं बाईनं कुटुंब पोसलं. फरक कलेत नाही, तो बघणाऱ्याच्या नजरेत आहे. सिनेमानं ही नजर आणखी पक्की केली. १९७२ चा ‘पिंजरा’ आठवा. तमाशातली बाई म्हणजे सज्जन मास्तराला नादी लावणारी. त्या बाईचा पगार किती, तिच्या डोक्यावर उचल किती, तिची मुलं कुठं झोपतात, हे प्रश्न त्या पडद्यावर यायला जागाच नव्हती.

म्हणून आता कामाच्या बाजूनं बघू. फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत फिरतो. साधारण सात महिने. नारायणगाव ही फडांची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमाराला गावोगावचे जत्रा कमिटीवाले तिथं येऊन सुपाऱ्या ठरवतात. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. नाचणाऱ्या बाया, सोंगाडे, वादक, तंबू ठोकणारे, ड्रायव्हर, स्वयंपाकी. रात्री खेळ, पहाटे ट्रक भरायचा, दिवसा प्रवास, संध्याकाळी पुन्हा तोंडाला रंग. कलाकार हंगामाआधी उचल घेतो आणि हंगामभर ती फेडतो. मालक सावकाराकडून पैसा घेतो आणि तोही फेडत राहतो.

ऐकताना तुम्हांला कशाची आठवण होते? ऊसतोडीची. तीही दसऱ्यालाच निघते, तीही उचलीवर चालते. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि बाईची मजुरी वेगळी दिसतच नाही. कौटुंबिक फडातही तसंच आहे. लेक नाचते, सून गाते, पण ती घरचीच. घरच्या माणसाला पगार कसला? हजेरी कसली? सुटी कसली? घरचं काम म्हटलं की बाईचे श्रम हिशेबातून पुसले जातात, मग ते घर शेतावरचं असो की बोर्डावरचं.

म्हणून अभिनयाचं घराणं ही बाईच्या दृष्टीनं दोन तोंडांची गोष्ट आहे. त्यानं विठाबाईला काय दिलं, हे नाकारता येत नाही. बाहेरच्या मुलीला जे दार कधी उघडलं नसतं ते तिला जन्मतःच उघडं होतं. शिक्षण फुकट मिळालं, नाव मिळालं, आणि पुढं स्वतःच्या नावाचा फड चालवायची ताकदही मिळाली. दलित बाई शंभर माणसांच्या पोटापाण्याची जबाबदारी घेते, पुरुष कलाकारांना कामावर ठेवते, कमिटीवाल्यांशी व्यवहार करते, ही लहान गोष्ट नाही. पण त्याच घरानं तिला ‘आज जमणार नाही’ असं म्हणायची सोय दिली नाही. खेळ बंद पडला तर सुपारी बुडते, लोक खवळतात, शंभर माणसांची चूल विझते, सावकार दारात येतो. हे सगळं तिच्या डोक्यावर, आणि पोटात नऊ महिन्यांचं मूल.

त्या रात्री ती पुन्हा बोर्डावर का गेली? कलेवरच्या निष्ठेमुळं, असं आपण सांगतो. निष्ठा होतीच. ती मला तिच्याकडून काढून घ्यायची नाही. आपण चळवळीतल्या बाया कधी कधी दुसऱ्या बाईला नुसती बिचारी करून टाकतो. विठाबाई बिचारी नव्हती. तिला आपल्या कलेचा अभिमान होता, प्रेक्षक मुठीत ठेवण्याचा आनंद होता. पण निष्ठेबरोबर नाइलाजही होता, आणि टाळ्या वाजवताना आपण तो नाइलाज झाकून टाकतो. कारखान्यात एखादी बाई यंत्रावर बाळंत झाली आणि तासाभरात परत यंत्रावर उभी राहिली, तर आपण टाळ्या वाजवू का? आपण मोर्चा काढू.

आता कायद्याचं बोलू. आपल्याकडं १९६१ साली प्रसूती लाभ कायदा झाला. बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर घ्यायचं नाही, असं तो कायदा म्हणत होता. १९७३ साली त्यात दुरुस्ती झाली आणि घोड्यांचे, कसरतीचे आणि ‘इतर खेळ’ करणाऱ्या आस्थापनाही त्याच्या कक्षेत आल्या. डोळ्यांपुढं सर्कस असणार. पण ‘इतर खेळ’ या शब्दांत फड का बसू नये? आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की बाईला लाभ मिळावा, अशी अट होती. सात महिने फिरणारी बाई ती अट सहज पुरी करते. २०१७ साली रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. आता या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या आहेत आणि दहा किंवा त्याहून जास्त माणसांची आस्थापना त्यात येते. फडात तर शंभर माणसं असतात!

मग अडतं कुठं? हजेरीपत्रकावर बाईचं नावच नसतं. करार तोंडी. मालक स्वतः कर्जात. आणि मालकीणच बाळंत होणार असली तर तिनं रजा मागायची कुणाकडं? इथं नुसतं मालकाविरुद्ध कामगार असं मांडून भागत नाही. ज्या समाजाची करमणूक होते, ज्या पंचायतीच्या जत्रेला गर्दी होते, ज्या शासनाला लोककलेचा अभिमान असतो, त्या सगळ्यांनी बाईच्या बाळंतपणाचा वाटा उचलला पाहिजे.

शासनाच्या अभिमानाबद्दलही सांगते. विठाबाईला राष्ट्रपतींकडून १९५७ आणि १९९० असा दोनदा गौरव मिळाला. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी तिनं सीमेवरच्या जवानांपुढं कार्यक्रम केले. सन्मानाची पदकं होती, फोटो होते. शेवटची वर्षं मात्र हलाखीत गेली. आजारपणातला दवाखान्याचा खर्च लोकांच्या देणग्यांतून भागवावा लागला. १५ जानेवारी २००२ रोजी ती गेली. आणि २००६ साली तिच्या नावानं राज्य शासनानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कांताबाई सातारकरांना तो मिळाला, तिची लेक मंगला बनसोडे हिलाही मिळाला. पुरस्कार चांगलाच आहे. पण तो वर्षाला एकाच कलावंताला मिळतो. फडातल्या बाकीच्या बायांनी म्हातारपणी काय खायचं?

वृद्ध कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे, असं तुम्ही म्हणाल. आहे. आम्ही काही बायांचे अर्ज भरायला बसलो होतो. कलेचे पुरावे जोडा म्हणतात. फलकावर नाव मालकाचं किंवा मुख्य नटीचं, मागं नाचणाऱ्या बाईचं नाव कुठं छापलेलं? कात्रण नाही, प्रमाणपत्र नाही. जन्माची तारीखही नाही. तीस वर्षं नाचलेल्या एका बाईनं आम्हांला आपले घोटे दाखवले. चाळ बांधून बांधून पडलेले काळे घट्टे. म्हणाली, ‘ह्यो पुरावा चालंल का?’ कार्यालयात तो चालत नाही. २०२० आणि २०२१ च्या करोनाच्या हंगामांत फड बंद राहिले तेव्हा हाच प्रश्न आणखी उघडा पडला. ज्यांची नोंद नाही त्यांना मदत पोचवायची तरी कशी?

मला पूर्ण उत्तर सापडलंय असं नाही. पण आपल्या गटांना करता येतील अशा चार गोष्टी मी मांडते. त्यावर आज दुपारी गटचर्चा व्हावी.

पहिली गोष्ट नोंदीची. आपल्या भागात फड उतरला की तिथल्या बायांची नावं, कामाची वर्षं, फडाचं नाव लिहून घ्यायचं आणि मालकाची सही घ्यायची. ही वही उद्या मानधनाच्या अर्जाला लागेल. मालकांशी भांडण न करता हे होऊ शकतं, कारण पुष्कळ मालकीणी स्वतः बायाच आहेत.

दुसरी गोष्ट जत्रेच्या मैदानाची. पंचायत वीज देते, स्टेजला जागा देते. बायांना न्हाणीघर आणि संडास का देत नाही? ग्रामसभेत हा ठराव मांडायला आपल्या गावच्या गटाला कुणाची परवानगी लागत नाही. जत्रेच्या दिवशी आरोग्य केंद्राची नर्स एक चक्कर राहुटीकडं मारेल, एवढंही त्यात घालता येईल.

तिसरी गोष्ट मुलींची. फडातली मुलगी फडातच उभी राहणार, असं आपणही गृहीत धरतो. तिला हवं असेल तर तिनं जरूर राहावं, पण शाळा बघून, दुसरी वाट बघून मग ठरवावं. हंगामात शिकता येईल अशी वसतिगृहाची मागणी आपण ऊसतोडीच्या मुलांसाठी करतो. त्याच निवेदनात फडातल्या मुलांचं नाव घालायला एक ओळ पुरते.

चौथी गोष्ट आपल्या स्वतःच्या बोलण्याची. इथून पुढं विठाबाईची गोष्ट सांगाल तेव्हा पुरती सांगा. ती कुठल्या घरात जन्मली, फलकावर कोणती जात होती, तिच्या डोक्यावर किती माणसांचं पोट होतं, तेही सांगा. ती परत बोर्डावर गेली हे सांगा, आणि लोकांनी खेळ थांबवला हेही सांगा.

माळेगावच्या त्या मावशीला निघताना मी विचारलं होतं, ‘तुमचं बाळंतपण कुठं झालं?’ ती म्हणाली, ‘ट्रकमधी. दोन गावांच्या मधी. कुठलं गाव ते काय म्हाईत न्हाई.’ शेजारी बसलेली तिची लेक हसली आणि म्हणाली, ‘तवा माझं गाव कंचं, ते मला सांगताच येत न्हाई.’ हसण्यावारी नेण्यासारखंच ती बोलली. पण शाळेच्या दाखल्यावर गावाचा रकाना असतो, मानधनाच्या अर्जावरही असतो. तो रकाना भरायला आपण तिच्याबरोबर बसलो तरी पुष्कळ काम होईल.

एवढंच मला सांगायचं होतं.